गहूं न सोसणारें मूल

मूल वाढत नाहीं म्हणजे त्यास खावयास कमी पडतें, अशी आपली साधारण समजूत असते. परंतु ज्या घरीं कणग्या भरलेल्या आहेत, तेथेंही एखादें मूल खुरटें राहतें. पोट फुगलेलें, हातपाय काटकुळे, वारंवार ढाळ, अंगांत रक्त कमी. जंत झाले, दृष्ट लागली, असें म्हणण्यांत वर्षें जातात. अशा कांहीं मुलांच्या बाबतींत दोष ताटांतील गव्हाचा असतो.

या व्याधीस सीलिअ‍ॅक म्हणतात. गहूं व जव यांत ग्लूटेन नांवाचें चिकट प्रथिन असतें. कणकेस ताण येतो तो त्यामुळेंच. ज्यांच्या अंगीं हा कल उपजत असतो, त्यांच्या लहान आंतड्यांतील अन्नरस शोषणारे बारीक अंकुर या प्रथिनामुळें झिजून सपाट होतात. पिकाचीं पांढरीं मुळें कुजलीं असतां खत-पाणी कितीही दिलें तरी रोप पिवळेंच राहतें, तसेंच हें होय.

हॉलंडांतील बालवैद्य विलेम डिके यांस गव्हाचा संशय पूर्वींपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत युद्धामुळें तेथें पाव मिळेनासा झाला, तेव्हां हीं आजारी मुलें सुधारलीं. पाव पुन्हां मिळूं लागतांच बिघडलीं. १९५० सालीं त्यांनीं आपला प्रबंध सादर केला.

गहूं पूर्ण वर्ज्य केल्यास अंकुर पुन्हां फुटतात. प्रथम वजन भरतें; उंचीची तूट भरून येण्यास बहुधा दोन-तीन वर्षें लागतात. निदान जितकें लवकर, तितकी भरपाई पुरी. वयांत येईपर्यंत दिरंगाई झाल्यास कांहीं तूट कायमची राहूं शकते.

आमच्या नात्यांतील एका मुलीची उंची घरच्या चौकटीवर खुणेनें नोंदलेली आहे. दोन वर्षांच्या खुणा जवळजवळ एकीवर एक आहेत. गहूं सुटल्यानंतरच्या खुणांत बोटांचें अंतर पडत गेलें. महसुली दप्तरांत मीं आयुष्यभर नोंदी केल्या, परंतु इतकी बोलकी नोंद पाहिली नाहीं.

तथापि संशय येतांच गहूं बंद करूं नये. तसें केल्यास तपासणींत रोग सांपडत नाहीं. आधीं रक्ताची परीक्षा व डॉक्टर सांगतील तर आंतड्याच्या तुकड्याची परीक्षा करवावी. निदान ठरल्यावर मात्र पथ्य जन्मभर पाळावें. रवा, मैदा, शेवया, बिस्किटें सर्व वर्ज्य. खपलीही गहूंच आहे. बाजारी हिंगांतही गव्हाचें पीठ असूं शकतें. सणावारीं "एका पुरीनें काय होतें" असें म्हणणारे वडीलधारे प्रेमानेंच अपाय करतात.

आतां आपल्या होटगीच्या बाजूस समाधानाची गोष्ट अशी कीं, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका व तांदूळ यांत हा दोष नाहीं. भाकरी थापतांना चिरते, ती हा चिकटपणा नसल्यामुळेंच. मोहोळच्या संशोधन केंद्रानें निवडलेली मालदांडी आपल्या काळ्या रानांत पिकते. तीच या मुलाचें पोटभर अन्न आहे. सोबत दूध, डाळी, शेंगदाणे व पालेभाज्या द्याव्या.

फक्त एक जपावें. गव्हाच्या दळणानंतर त्याच चक्कींत दळलेल्या ज्वारींत गव्हाचें पीठ मिसळतें. म्हणून त्या मुलापुरती ज्वारी घरच्या जात्यावर, गव्हास न लावलेल्या, दळावी आणि तिचा डबा वेगळा ठेवावा.