मैलापाण्यास सुटी नाहीं

नळाला पाणी किती वाजतां येतें, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असतें. मोरींतून गेलेल्या पाण्याचें पुढें काय होतें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. तें पाणी शुद्ध करणारीं केंद्रें जुनीं झालीं म्हणजे त्यांची दुरुस्ती कशी होते, हें आज थोडक्यांत पाहूं.

प्रथम या केंद्रांत काय चालतें तें सांगतों. चाळण्या चिंध्या-काटक्या अडवितात, मोठ्या हौदांत गाळ तळाशीं बसतो, आणि हवा खेळविलेल्या हौदांत जंतु उरलेली घाण खाऊन टाकतात. ही शेवटची रीत मँचेस्टर येथील आर्डर्न व लॉकेट यांनीं 1914 सालीं जगापुढें मांडली. परंतु जेथें हवा पोंचत नाहीं, अशा बंद गटारांत दुसरे जंतु हायड्रोजन सल्फाइड नांवाचा, सडक्या अंड्याचा दर्प असलेला वायु निर्माण करितात. तो वायु ओलसर छतास भिडला म्हणजे तेथील तिसरे जंतु त्याचें गंधकाम्ल बनवितात, आणि तें आम्ल काँक्रीट खाऊं लागतें. म्हणून पाण्याखालचा भाग शाबूत आणि वरचें छत भुसभुशीत, असा उलटा प्रकार आढळतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. गिरणीचें यंत्र बिघडलें तर कामगारांस सुटी देतां येते. मैलापाण्यास सुटी नाहीं. लाखों मोऱ्या रात्रंदिवस वाहतच असतात. दुरुस्ती करावयाची, तर पाण्यास आधीं दुसरी वाट करून द्यावी लागते.

अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या हायपेरियन केंद्राचें उदाहरण घ्या. तेथील शुद्ध केलेलें पाणी 1960 पासून पांच मैल लांबीच्या नळानें समुद्रांत सोडलें जातें. 2015 च्या सप्टेंबरांत पंपगृहांतील जुने भाग बदलण्याकरितां हा नळ सुमारें सहा आठवडे बंद ठेविला, आणि पाण्यांत क्लोरीन घालून तें एक मैल लांबीच्या राखीव नळानें सोडलें. थोड्याच दिवसांत किनाऱ्यावर कचरा लागला व तेथील जलविहार बंद करावा लागला. राखीव नळांत पूर्वीं अडकलेला कचरा प्रवाहाबरोबर बाहेर पडला, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. पुढें 2021 च्या जुलैंत तेथील चाळण्याच कचऱ्यानें तुंबल्या, केंद्राचा कांहीं भाग पाण्याखालीं गेला, आणि एक कोटीहून अधिक गॅलन मैलापाणी शुद्ध न करितांच समुद्रांत गेलें.

यांतून एकच गोष्ट ध्यानांत घ्यावयाची. नेहमींच्या मार्गाइतकीच राखीव मार्गाचीही देखभाल झाली पाहिजे. वाड्याचें मागलें दार वर्षानुवर्षें न उघडलें, तर आग लागेल त्या दिवशीं त्याची कडी निघत नाहीं.

आपल्या मुंबईंत सात नव्या केंद्रांची पायाभरणी 2023 च्या जानेवारींत झाली. त्यांची एकंदर क्षमता रोज सुमारें 246 कोटी लिटर आहे. हीं केंद्रें ज्या दिवशीं सुरू होतात, त्याच दिवसापासून त्यांची झीजही सुरू होते. नव्या बांधकामास कोनशिला असते; डागडुजीस ती कोणी बसवीत नाहीं, म्हणून अंदाजपत्रकांत तिच्याच रकमेस पहिली कात्री लागते. ती लागूं नये, हें पाहणें करदात्या नागरिकांचें काम आहे. आणि चिंधी, प्लास्टिक व तळणीचें उरलेलें तेल मोरींत न टाकणें, हें तर घरांतील प्रत्येकाचें.