वेगळी चूल आणि तिचा खर्च

एकत्र कुटुंबातून एक भाऊ वेगळा निघतो तेव्हा पहिले चार दिवस मानापमानाचे जातात. पाचव्या दिवशी तांब्याच्या बंबाचा प्रश्न येतो! बंब कोणी घ्यायचा, झोपाळा कोणाकडे राहायचा, आणि बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी काढलेले कर्ज कोणी फेडायचे? ज्यांनी घरात वाटणी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. पण एखादा अख्खा प्रांतच देशातून वेगळा निघू म्हणाला तर?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने हा प्रश्न दोनदा मतपेटीत टाकून पाहिला. कॅनडाच्या दहा प्रांतांपैकी हा प्रांत बहुसंख्य फ्रेंचभाषकांचा. इंग्रजीच्या महासागरात आपली भाषा बुडेल, ही तिथली जुनी धास्ती. भाषेसाठी झगडून राज्य मिळवलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटणार नाही. फरक एवढाच की, आपण राज्य मागितले ते देशात राहून. २० मे १९८० च्या सार्वमतात शंभरातल्या सुमारे साठ जणांनी नकार दिला. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी मात्र सर्वांचे श्वास रोखले गेले. नकार ५०.५८ टक्के, होकार ४९.४२ टक्के! सत्तेचाळीस लाखांच्या घरात मते, आणि फरक फक्त ५४,२८८ मतांचा. एवढी माणसे कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर सहज मावतील.

समजा, कौल उलट लागला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले असते?

पहिला प्रश्न कर्जाचा. त्या वेळी कॅनडाच्या केंद्र सरकारवर पाचशे अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज होते. माणसे मोजून वाटावे, तर क्वेबेकच्या वाट्याला जवळजवळ चौथा हिस्सा येतो. उत्पन्न पाहून वाटावे, तर काही कमी. आणि इथे एका टक्क्याची घासाघीस म्हणजे पाच अब्ज डॉलर! शिवाय कर्जरोख्यांवर सही कॅनडाची. सावकार थोरल्या भावाच्या दारात उभा राहणार, आणि थोरला धाकट्याकडे बोट दाखवणार.

दुसरा प्रश्न नाण्याचा. वेगळे होऊनही कॅनडाचाच डॉलर वापरू, असे क्वेबेकच्या पुढाऱ्यांनी सांगितले होते. वापरायला कोणी अडवले नसते. पण व्याजाचा दर ठरणार ओटावाच्या बँकेत, आणि तिथे क्वेबेकला शब्द नाही. म्हणजे चूल वेगळी, पण कोठीच्या किल्ल्या जुन्याच घरात!

हा धोका कागदावरचा नाही. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाची दोन राष्ट्रे झाली, तीही भांडणतंट्याशिवाय. मालमत्ता साधारण दोनास एक या प्रमाणात वाटली. नाणे काही महिने एकच ठेवायचे ठरले होते. ते ८ फेब्रुवारीपर्यंतच टिकले. स्लोव्हाक नाणे घसरेल या भीतीने लोकांनी पैसा चेक बँकांकडे वळवला होता. नव्या नोटा अपुऱ्या, म्हणून जुन्याच नोटांवर तिकिटे चिकटवून वेळ निभावली.

आपल्याकडचा दाखला तर घरचाच आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पाकिस्तानच्या नोटांचा व्यवहारही काही काळ आपली रिझर्व्ह बँकच पाहत होती. पाकिस्तान सरकारचे नाव छापलेल्या भारतीय नोटा आपल्या नाशिकच्या छापखान्यातून निघत होत्या! वाटणी झाली तरी एका टाकसाळीवाचून दोघांचे चालेना.

तिसरा प्रश्न पोटाचा. ओटावा राजधानी नदीच्या एका तीरावर, आणि क्वेबेक प्रांत दुसऱ्या तीरावर. रोज सकाळी डबा घेऊन पूल ओलांडणाऱ्या हजारो सरकारी कारकुनांचे काय? परदेशी नागरिकाला कॅनडा नोकरीत ठेवील काय? निवृत्तिवेतन कोणत्या तिजोरीतून मिळेल? पारपत्र कोणते? अशा वेळी राष्ट्रगीतापेक्षा घरभाडे आधी आठवते.

व्यापारी तर मतदानाचीही वाट पाहत नाहीत. फुटीरवादी पक्ष १९७६ साली सत्तेवर आला, आणि १९७८ साली सन लाइफ या जुन्या विमा कंपनीने आपली मुख्य कचेरी माँट्रियलहून टोरांटोला नेण्याचे जाहीर केले. व्यापार टोरांटोकडे आधीपासूनच सरकत होता, आणि नवा भाषा कायदाही कंपनीला जाचक वाटला, हे खरे. पण अनिश्चिततेने त्या पावलांना वेग दिला.

आणि वाटणीतून वाटणी निघते ती वेगळीच. क्वेबेकच्या उत्तर भागात क्री नावाचे आदिवासी राहतात. प्रांताला वीज पुरवणारी मोठी धरणे त्यांच्याच मुलखात आहेत. १९९५ साली त्यांनी आपले स्वतंत्र मतदान घेतले, आणि शंभरातल्या शहाण्णवांनी बजावले की, आमच्या संमतीवाचून आम्हाला कॅनडाबाहेर नेऊ नका. देश विभागता येतो, तर प्रांत का नाही? या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते.

अखेर १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहाणपणाचा मार्ग दाखवला. प्रांताला एकतर्फी निघून जाता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाला, तर दुसऱ्या बाजूलाही बोलणी नाकारता येणार नाहीत. म्हणजे आधी हिशेब, मग निरोप.

स्वाभिमानाला किंमत नसते असे म्हणतात. ते खरे असेलही. काही माणसे सारा खर्च समजूनही वेगळे निघतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण तो खर्च पुढारी आपल्या खिशातून देत नाहीत. तो पडतो पूल ओलांडणाऱ्या कारकुनावर, पेन्शनीची वाट पाहणाऱ्या म्हातारीवर. म्हणून सभेत टाळी वाजवण्यापूर्वी एवढेच विचारावे : बंब कोणाकडे जाणार, आणि कर्ज कोण फेडणार?