तवंग किनाऱ्याला लागण्यापूर्वीं

समुद्रावर तेल सांडल्याची वार्ता आली कीं शहरांतील सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें एखादें अजस्र तेलवाहू जहाज उभें राहतें. वास्तविक प्रत्येक मोठ्या जहाजाच्या पोटांत त्याच्या स्वतःच्या यंत्रांसाठीं जड, काळें इंधन भरलेलें असतें. मग तें जहाज गहूं नेत असो कीं खेळणीं. ता. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' ह्या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा ही कंटेनर वाहणारी बोट. ती कलंडली, सुमारें ३०० कंटेनर पाण्यांत कोसळले आणि अंदाजें ८०० टन तेल समुद्रांत गेलें. नारळी पौर्णिमेला त्या वर्षीं १७ दिवस उरले होते. रायगडच्या किनाऱ्याला व कांदळवनांना काळा थर लागला. मुंबईच्या बाजारांत गिऱ्हाईक मासळीला हात लावावयास कचरूं लागलें. समुद्राला नारळ अर्पण होण्यापूर्वींच कोळ्यांच्या हंगामाला ग्रहण लागलें.

अशा प्रसंगीं कोणी काय करावें हें भारतांत कागदावर ठरलेलें आहे. १९९६ पासून त्याविषयीं राष्ट्रीय योजना आहे. समुद्रावरील कामाचीं सूत्रें तटरक्षक दलाच्या हातीं, बंदराच्या हद्दींत बंदराचे अधिकारी, आणि किनारा स्वच्छ करण्याचें काम राज्य सरकारकडे, अशी ती वांटणी. परंतु तवंग हद्दी पाहून येत नाहीं. पहांटेच्या भरतीबरोबर तो गांवाला लागतो तेव्हां तेथें कोळीवाड्यांतील माणसेंच असतात. त्यांना आधीं शिकवून ठेवावें हें सर्वांनाच पटतें. काय शिकवावें आणि केव्हां, येथें मात्र घोळ होतो. शाळेच्या पडवींत एक व्याख्यान, चहा आणि छायाचित्र, एवढ्यानें हें काम उरकत नाहीं.

पहिला धडा हात आवरण्याचा असावा. जानेवारी २०१७ मध्यें चेन्नईजवळ एन्नोर येथें दोन जहाजें आदळून तेल किनाऱ्याला लागलें, तेव्हां मच्छीमार, विद्यार्थी व मजूर बादल्यांनीं तो लगदा उपसूं लागले. त्यांच्या तळमळीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण तेलाची वाफ डोकें जड करते, त्वचेला अपाय करते. रबरी बूट व हातमोजे नसलेल्या माणसानें, मुलांनीं आणि गरोदर स्त्रियांनीं तेथें जाऊंच नये. पुळणीवर फावडें चालविलें कीं वाळूच अधिक भरली जाते, आणि गोळा झालेला तेलकट कचरा मूळ तेलाच्या कित्येक पट होऊन बसतो. तो टाकावा कोठें? विहिरींपासून दूर, खालीं जाड प्लास्टिक अंथरतां येईल अशी जागा संकटापूर्वींच सरकारी कचेरीशीं बोलून ठरवावी लागते.

कांदळवनांत तर गोष्ट आणखी नाजूक. तिवरांचीं श्वासमुळें चिखलावर डोकें काढून असतात; त्यांत माणसें उतरलीं कीं वरचें तेल पायांखालीं रुततें आणि हवेविना वर्षानुवर्षें तेथें टिकतें. अशा जागीं पुष्कळदां दूर उभें राहून भरती-ओहोटीला आपलें काम करूं देणें हेंच बरें. तरुणांना हें पटविणें कठीण जातें. शिकविणाऱ्याचा खरा कस येथें लागतो.

तेल कोठें जाईल हें ओळखण्याच्या विद्येंत मात्र कोळी अर्धाअधिक शिकलेलाच असतो. तवंग प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारें ३ टक्के गतीनें वाऱ्याबरोबर सरकतो. ताशीं ३० किलोमीटर वेगाचा नैर्ऋत्येचा वारा १२ तासांत त्याला जवळजवळ ११ किलोमीटर किनाऱ्याकडे लोटतो. लाटांनीं घुसळलें कीं तेल पाणी पिऊन तिप्पट-चौपट फुगतें. उधाणाच्या भरतीनें वरच्या रेषेवर टाकलेल्या तेलापर्यंत भांगाचें पाणी पोहोंचत नाहीं. पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे सुमारें पंधरवडा, तें तेथेंच पडून राहतें. ही रेषा कोणत्या खडकापर्यंत चढते हें गांवच्या म्हाताऱ्याला नकाशापेक्षां नीट सांगतां येतें. म्हणून आंखणी करणाऱ्यानें पहिला दिवस विचारण्यांत घालवावा. कालवें व शिंपल्या काढणाऱ्या बायकांना चिखलांतील प्रत्येक वाट ठाऊक असते; त्यांना मागच्या रांगेंत बसवूं नये.

सर्वच कांहीं वांचवितां येत नाहीं. आधीं काय वांचवावयाचें हें गांवानें ठरवावें लागतें. ह्याचा दाखला दूर अमेरिकेंतील अलास्का प्रांताचा आहे. तेथें २४ मार्च १९८९ रोजीं 'एक्सॉन व्हाल्डीझ' हें तेलवाहू जहाज खडकावर आदळून सुमारें ३७,००० टन तेल वाहिलें. मदतीचीं साधनें वेळेवर आलीं नाहींत. कोर्डोव्हा गांवच्या मच्छीमारांनीं मग अफाट समुद्राचा नाद सोडून सामन माशांचीं उबवणीकेंद्रें निवडलीं, स्वतःच्या होड्या लावून त्यांच्यापुढें तरंगते अडसर धरले, आणि तीं वांचविलीं. त्या अनुभवानंतर तेथील शेंकडों मासेमारी बोटींशीं करार झाले. त्यांवरील खलाशी दरवर्षीं सराव करतात व त्याचें वेतन घेतात. हा वेतनाचा मुद्दा दृष्टीआड होऊं नये. हातावर पोट असलेल्याला फुकट शिकावयास बोलाविलें तर त्या दिवशीं त्याची चूल कशी पेटावी?

त्या तरंगत्या अडसराला बूम म्हणतात. प्रवाह ताशीं सुमारें १.३ किलोमीटरहून वेगवान असला तर आडव्या धरलेल्या बूमखालून तेल निसटतें. आणि खाडीची ओहोटी पुष्कळदां त्याहून जोरानें धांवते. म्हणून बूम तिरपा लावून तेल कडेच्या संथ पाण्याकडे वळवावयाचें असतें. फळ्यावरील आकृतीनें हें उमगत नाहीं. सरावासाठीं खरें तेल सांडतां येत नाहीं, तेव्हां भाताचें तूस पाण्यावर सोडावें. तें बूमखालून सुटलें कीं चूक काठावरच्या पोरालाही दिसते. होडीवरचा हा सराव समुद्र निवळल्यावरचा. जून-जुलैंतील बंदीच्या दिवसांत जाळीं दुरुस्त करतां करतां बाकीचें बोलणें व्हावें, आणि पावसांतच एकदां किनाऱ्यावरची तालीम घ्यावी. कारण चित्राची टक्कर पावसाळ्यांतच झाली होती.

राहतां राहिली वही. जहाजांच्या इंधनामुळें होणाऱ्या नुकसानीच्या भरपाईचा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानें २०१५ मध्यें स्वीकारला. चित्राच्या वेळीं तो येथें लागू नव्हता. त्या करारानें १,००० टनांहून अधिक नोंदणीच्या जहाजांना विमा सक्तीचा आहे, आणि नुकसान सोसणाऱ्याला थेट विमेवाल्याकडे मागणी करतां येते. पण रोज किती मासळी आली व ती काय भावानें गेली हें तोंडीं सांगून भागत नाहीं. लिलावाच्या चिठ्ठ्या, बर्फाच्या व डिझेलच्या पावत्या, तेल लागण्यापूर्वींचें आणि लागल्यानंतरचें जाळ्याचें छायाचित्र, हें सर्व तारखेवार जपलेलें असावें लागतें. दावा लावावयाची मुदत नुकसान झाल्यापासून ३ वर्षें आहे.