काळे तेल आणि रबरी हातमोजे

मोटारीचे तेल घरी बदलायला हत्यारे थोडीच लागतात. ड्रेन प्लगला नेमका बसणारा रिंग पाना (स्क्रू पाना घसरला की प्लगचे कोपरे झिजतात), फिल्टर पाना आणि एक पसरट भांडे. गाडी उचलणार असाल तर स्टँड हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. हातांचा विचार मात्र बहुधा कोणी करत नाही.

नवे तेल सोनेरी, उतरवलेले काळे. इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनातून काजळी आणि बहुवलयी हायड्रोकार्बन संयुगे त्यात साठतात. त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. काजळीशी त्वचेच्या कर्करोगाचे नाते लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी झाडणाऱ्यांत दाखवले होते. एकदोनदा हात माखले म्हणून घाबरायला नको. गॅरेजात रोज हात माखणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी.

मग कोणतेही रबरी हातमोजे चालतील का? नैसर्गिक रबर हे हायड्रोकार्बन, तेलही तसेच. त्यामुळे तेल त्यात शिरते, रबर फुगते, दुबळे होते. नायट्राइल रबरातले ध्रुवीय गट तेलाला दूर ठेवतात. वर्गात आपण हे सहज पाहू शकतो. साध्या फुग्याचा आणि नायट्राइल मोज्याचा सारख्याच मापाचा तुकडा नव्या एंजिन तेलात दोन दिवस बुडवून ठेवावा आणि पुन्हा मोजावा.

पेट्रोलने हात धुणे तर आणखी वाईट. त्वचेचा स्निग्ध थर जातो, शिवाय पेट्रोलमध्ये बेंझीन असतेच. थोडे खोबरेल चोळून साबण लावावा. आणि तेलकट फडके पँटच्या खिशात कोंबू नये. तिथे ते दिवसभर त्वचेला भिडून राहते.