लिनक्स सुरू होत नाही? आधी डेटाची प्रत, मग दुरुस्ती

लिनक्स सुरू होताना मध्येच अडकलं आणि पडद्यावर 'आय/ओ एरर' अशा ओळी दिसू लागल्या, की अनेक जण लगेच 'एफएससीके' चालवतात. डेटा कायमचा जाण्याचा धोका इथेच असतो. एफएससीके फाइल सिस्टीमच्या नोंदी दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं. डिस्कच खराब होत असेल, तर उरलेल्या फाइलीही हातच्या जाऊ शकतात.

मग काय करावं?

१. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करा. खराब डिस्क माउंट करू नका.

२. 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कची तब्येत तपासा. 'पेंडिंग सेक्टर' शून्यापेक्षा जास्त असतील, तर डिस्कचे काही भाग नीट वाचले जात नाहीत. फक्त 'सीआरसी एरर' वाढत असतील, तर दोष बहुधा केबलचा असतो. ती बदलून पाहा.

३. 'डीडीरेस्क्यू'ने दुसऱ्या मोठ्या डिस्कवर प्रत घ्या. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अवघड सेक्टरकडे नंतर वळतं. मॅप फाइल ठेवली, तर थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू होतं.

४. आता एफएससीके चालवा, पण त्या प्रतीवर.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. संगणक बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या.