अंतर अंशांत, प्रवास तासांत

डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने नांदेड–अमृतसर थेट विमानसेवा सुरू केली, तेव्हा गुरू गोबिंदसिंगांचे १७०८ मध्ये जेथे निर्वाण झाले ते नांदेडचे हुजूर साहिब आणि अमृतसरचे सुवर्णमंदिर यांच्यातील प्रवास सव्वादोन तासांच्या आसपास आला. याच दोन शहरांदरम्यानची रेल्वेगाडी, सचखंड एक्सप्रेस, आधी पश्चिमेला मनमाडकडे वळते, मग भोपाळ, दिल्ली करत सुमारे २००० किलोमीटर धावते आणि तिला जवळजवळ दीड दिवस लागतो; विमानाला मात्र १४०० किलोमीटरांपेक्षा थोडेच अधिक अंतर कापावे लागते.

हे अंतर शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून काढता येत नाही, कारण पृथ्वी गोल आहे आणि गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा, अर्थात पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर उमटवलेल्या वर्तुळाचा, तुकडा असतो. या वर्तुळावरचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. नांदेड १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आणि अमृतसर ३२ अंशांच्या किंचित खाली, म्हणजे उत्तरेकडे साडेबारा अंशांची चढण. रेखांशात जेमतेम अडीच अंशांचा फरक, आणि तोही उत्तरेकडे जाताना आक्रसत जाणारा. त्यामुळे येथे वाट जवळपास सरळ उत्तरेची ठरते. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या मार्गावर मात्र हीच वाट भिंतीवरच्या नकाशात उत्तरेकडे फुगलेली, उगाच वळसा घेतल्यासारखी दिसते.

ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर १४०० किलोमीटरांना पावणेदोन तास पुरावेत. परंतु वेळापत्रकातील वेळ ‘ब्लॉक टाइम’ असते, म्हणजे विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची, आणि तीत धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढणे, उतरणे व उतरण्यासाठीची प्रतीक्षा हे सारे येते. वाऱ्याचा हिशेब वेगळा: हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा जेट प्रवाह या विमानाला बहुतांशी आडवा लागतो, मुंबईहून लंडनला जाणाऱ्याला मात्र तसा वारा समोरून लागतो, म्हणून परतीपेक्षा जाताना वेळ अधिक लागतो.

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारीहून नांदेडच्या विमानतळाकडे निघालेल्या माणसाला मात्र या हिशेबाआधी दुसराच हिशेब करावा लागतो. किल्लारी–नांदेड सरळ अंतर १४० किलोमीटरच्या आसपास, पण लातूर, अहमदपूर, लोहा या रस्त्याने ते १८० च्या घरात जाते, आणि विमानाच्या सव्वादोन तासांपेक्षा विमानतळापर्यंतचाच प्रवास लांबतो. तिकिटावर ही वेळ कोठेही छापलेली नसते.

किल्लारीच्या बाबतीत अंशांत मोजलेल्या अंतराला आणखी एक अर्थ आहे, कारण भूकंपशास्त्रही भूकंपाच्या केंद्रापासूनचे अंतर याच बृहद्वृत्ताच्या अंशांत मोजते आणि लहरीला तेथवर पोहोचायला लागलेल्या काळाला ‘प्रवासकाल’ म्हणते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीच्या भूगर्भातून निघालेल्या प्राथमिक लहरी, ज्यांत खडक पुढेमागे दाबले जातात, हैदराबादेत अर्ध्या मिनिटाच्या आसपास पोहोचल्या असणार, आणि साडेतेरा अंशांहून थोड्या अधिक अंतरावरील अमृतसरला, जमिनीखालून वाकलेल्या वाटेने, साधारण सव्वातीन मिनिटांत.