शेतघराचा तट

किल्ला म्हटले की वसईचा समुद्रतट डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु १५३४ पासून या मुलखावर अंमल बसविणाऱ्या पोर्तुगीज सरकारने ठरावीक फाळ्यावर ज्यांना गावे लावून दिली, त्या जमीनदारांची तटबंद घरे व किरकोळ कोट मला अधिक बोलके वाटतात. केळवे-माहीमकडे फिरताना पाहावे : दगडचुन्याची जाड भिंत आणि तीत बंदुकीपुरते भोक, म्हणजे जंगी. आयर्लंडमध्ये तर इ. स. ५०० ते १००० च्या सुमारास साध्या शेतकऱ्यानेही घरगोठ्याभोवती खंदक खणून त्याच मातीचा वर्तुळाकार बांध घातला. अशी सुमारे ४५,००० स्थळे तेथे नोंदली आहेत. भय तेथे गुरे पळविणाऱ्यांचे, येथे चाच्यांचेही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि बहुतेक जमीनदार तट मागे टाकून निघून गेले.